एबिलच्या श्वासाचं यंत्र

मंगळवार, ४ जून. साखर १३८.

ही वही दवाखान्यातल्या नर्सबाईनं दिली, रोजची साखर लिहायला. एक आकडा लिहायचा आणि वही मिटायची, म्हणाली. पण एवढं मोठं पान, त्यावर एकच आकडा, बाकीचं कोरं सोडायचं माझ्या जिवावर येतं. चौथीपर्यंत शाळा झाली माझी. मग आईनं अळूच्या शेतात उभं केलं, ती मी अजून तिथंच आहे. चुकलंमाकलं तर नर्सबाईनं रागवू नये. खरं म्हणजे वाचूच नये.

मोठी बातमी. माझी एबिल आली! माझ्या लेकीची लेक, तेवीस वर्षांची. चार वर्षं लांब ग्वाम बेटावर हॉटेलात चादरी बदलत होती. काल विमानातून उतरली ती एक पिशवी घेऊन, आणि म्हणते, "आजी, मी आता गाईड होणार. पर्यटकांना पाण्याखाली फिरवणार. शिकून आलेय."

मी म्हटलं, "फिरव बाई. वर आणायला विसरू नको म्हणजे झालं."

हसून हसून माझा चष्मा अळूच्या सारात पडला.

धक्क्यावर रुबासची बोटीची कंपनी आहे. तो मंगळवारी, अकरा तारखेला तिची परीक्षा घेणार. बाहेरच्या समुद्रातल्या कड्यावर, जिथं पाण्याला ओढ फार, तिथं चार गिऱ्हाइकं घेऊन उतरायचं. जमलं तर नोकरी. मात्र श्वास घ्यायचं यंत्र ज्याचं त्यानं आणायचं. त्याला रेग्युलेटर म्हणतात. हवेच्या बाटलीवर एक पितळी गड्डा बसतो, त्यातून नळ्या निघतात, एका नळीला तोंडात धरायचा काळा भाग, दुसरीला तसाच पिवळा. पिवळा जादा, अडीअडचणीला.

आणि नाही जमलं तर? ते मी विचारलं नाही. तिचा मामा, माझा मासाओ, ग्वामलाच असतो. तो फोनवर म्हणाला, "हॉटेलवाले तिची जागा महिनाभर धरून ठेवणार आहेत, आई." बरं झालं म्हणे. कुणाचं बरं झालं ते विचारलं नाही मी.

गुरुवार, ६ जून. साखर १५१.

काल लिहिलं नाही, पाय दुखत होते. कोरोर गावातली पाण्यात उतरायच्या सामानाची तिन्ही दुकानं पायी पालथी घातली. एबिल म्हणाली टॅक्सी करू. म्हटलं, यंत्र घ्यायचंय, पाहुणचाराला नाही चाललो.

मोठ्या दुकानात रोडेल नावाचा फिलिपिनो माणूस आहे. नम्र. त्यानं काचेवर तीन यंत्रं मांडली. मला कंपन्यांची नावं वाचता येत नाहीत, म्हणून मी त्यांना आपली नावं ठेवली. पहिलं चकचकीत, रुपेरी, अकराशे डॉलर. दुसरं काळं, अगदी साधं, विधवेसारखं, सहाशे चाळीस. तिसरं निळं, दोनशे ऐंशी, त्याच्या नळ्या स्वस्त सपातांसारख्या वास मारत होत्या.

मी तिन्ही हातात घेऊन जोखली. कंद जोखतो तशी. चकचकीत वजनाला चांगलं.

रोडेल म्हणाला, "ही कंपनी फार जुनी आहे, आजी. साठ वर्षांचं नाव आहे."

"नाव जुनं म्हणून काय झालं? माझ्या दिराचंही नाव जुनं आहे. दोन खोल्यांचं घर वीस वर्षं बांधतोय."

एबिल काळ्यावर अडून बसली. म्हणाली, "आजी, हवा दोन्हीतून सारखीच येते. आणि काळं इथं हारुओ आजोबा खोलून दुरुस्त करतात. चकचकीत दरवर्षी विमानानं बाहेर पाठवावं लागतं."

हारुओ म्हणजे तोच वीस वर्षं घर बांधणारा दीर. धक्क्यामागं पत्र्याच्या खोलीत गाईड लोकांची यंत्रं खोलत बसतो.

घरी आलो तर मासाओचा फोन. "आई, इंटरनेटवर तिसऱ्या हिश्शात मिळतं. कारखाना एकच, वरचं नाव फक्त वेगळं."

मी म्हटलं, "तुझं आणि पोपटमाशाचं तोंडही एकाच कारखान्यातलं. म्हणून तुला पाण्यात सोडू का?"

दिवसभर काही सुचत नाही. काळं का चकचकीत? दुपारी उठून अळूच्या शेतात गेले आणि अजून भरायचे होते ते कंद उपटले. बोटाएवढे निघाले. परत लावले.

शुक्रवार, ७ जून. साखर १४०.

घेतलं! चकचकीत!

झालं असं. सकाळी धाकटी बहीण तोशिको आणि आमच्या कुळातल्या चार बायका आल्या. कुळाची पोर काही नवीन उभं करते, तेव्हा बायकांनी पाठीशी राहायचं ही आमची रीत. प्रत्येकीनं आपल्याला जमेल तसं दिलं. तोशिकोनं घर रंगवायला ठेवलेले पैसे आणले. आता एवढं सगळं समोर असताना मी काय काळं विधवेसारखं घेऊ? उद्या धक्क्यावर लोक माझं नाव घेऊन म्हणतील, हात्सुएच्या नातीच्या तोंडात सहाशेचं.

एबिल म्हणाली, "आजी, तोंडात कितीचं आहे ते पाण्याखाली कुणाला दिसत नाही."

"वर आल्यावर दिसतं," मी म्हटलं.

तिनं सपाता पायात घातल्या. भांडली असती तर बरं वाटलं असतं. पण डब्यात ठेवलेलं यंत्र असं दिसतंय, जणू काही लग्नातला दागिना! रुबासकडून भरलेली बाटलीही आणलीय, घरी जोडून बघायला. कोपऱ्यात उभी आहे पाहुण्यासारखी.

रविवार, ९ जून. साखर १३३.

चर्चमधून आल्यावर एबिल मैत्रिणीकडे गेली आणि आमच्याकडे जत्रा! तोशिको, तिच्या दोन्ही सुना, शेजारची म्हातारी, शिवाय जिनं कालवणापुरतं मीठ मागायला यावं तीही. सगळ्यांना यंत्र बघायचं. एबिलनं काल बाटलीला जोडून दाखवलं होतं, बाटलीचा कान, म्हणजे वरची चावी, फिरवला की सूं होतं. ते मी बघून ठेवलं होतं. मी फिरवला. सूं!

आधी मी तोंडात धरलं. माझ्या गालात विडा होता, तरीसुद्धा हवा कशी गार, कोरडी, डोंगरावरच्या सकाळसारखी. मग तोशिको म्हणाली मलाही. मी काळा भाग धरला, तिनं पिवळा, दोघी एका शहाळ्याला तोंड लावलेल्या पोरींसारख्या फुसफुस करत बसलो. शेजारच्या म्हातारीला दात नाहीत, तिनं हिरड्यांनी धरला आणि जोरात फुंकला, तर आतून फर्रर्र आवाज आला. आम्ही इतक्या हसलो की पिंकेचा डबा कलंडला. एकेकीनं दोन-दोन, तीन-तीनदा फुंकून बघितलं. जिच्या तोंडात विडा नाही अशी त्यात एकही नव्हती, त्यामुळे मी नंतर दोन्ही भाग ओल्या फडक्यानं छान पुसले. लाल डाग एक ठेवला नाही.

संध्याकाळी एबिलनं हवेचा काटा बघितला. "आजी, बाटली अर्धी कशी झाली?"

"गळत असेल," मी म्हटलं.

आता लिहायला बसले तर वाटतं, खरं सांगायला हवं होतं. पण ती रागावते तेव्हा तिच्या आईसारखी दिसते. भरून आणेल ती पुन्हा. हवाच तर आहे.

मंगळवार, ११ जून. साखर २०६.

आकडा मोठा आहे, नर्सबाईनं विचारू नये.

झालं नाही. दुपारी आली ती केस ओले, डोळे लाल. उभ्या उभ्याच सांगितलं. पन्नास फूट खाली गेल्यावर प्रत्येक श्वासाबरोबर तोंडात खारं पाणी. बटण दाबून घालवलं, पुन्हा आलं. पिवळा भाग धरला, त्यातूनही तेच! ठसका लागला. वर ओढ, खाली कडा, चार गिऱ्हाइकं तिच्याकडे बघतायत. आणि ती त्यांना तिथंच सोडून वर आली. सरळ वर. रुबास खाली होता म्हणून लोकांचं निभावलं.

"गिऱ्हाईक सोडून वर येतो तो गाईड नव्हे," एवढंच तो म्हणाला. शिव्या दिल्या असत्या तर बरं, असं एबिल म्हणते.

अकराशे डॉलर! साठ वर्षांचं नाव! मी तशीच उठले, सपाता पायात नाही, दुकानात गेले. दुकानात जपानी गिऱ्हाइकं होती. मी म्हटलं, "रोडेल! माझ्या नातीला बुडवायला विकलंस का हे? गळकं भांडं! दोन्ही तोंडं गळकी!"

तो म्हणाला, "आजी, मी स्वतः पाण्यात तपासून दिलं होतं."

"मग तुझे डोळे गळके!"

तो खाली मान घालून उभा राहिला. बाहेर आल्यावर मला छान वाटायला हवं होतं.

बुधवार, १२ जून. साखर १९८.

मासाओनं तिकीट पाठवलं. सोमवारचं विमान. मला न विचारता. "आई, तिनंच हो म्हटलं," तो म्हणतो. एबिल भिंतीकडे तोंड करून पडलीय. पिशवी दारामागं आहे, ती अजून रिकामी आहे की भरलेली ते मी दोनदा उचलून बघितलं.

घरात बसवेना. झाडलेलं अंगण पुन्हा झाडलं. शेवटी यंत्र पिशवीत घालून हारुओकडे गेले. म्हटलं, ही कंपनी खोटी आहे एवढं तरी त्याच्या तोंडून ऐकू.

हारुओ एकाहत्तर वर्षांचा आहे. नाकावर दोन चष्मे, एकावर एक. मी म्हटलं, "खोल हे. आणि सांग सगळ्यांना, यात काय खोट आहे ते."

"वहिनी, पितळी गड्डा मी खोलणार नाही, याचे सुटे भाग माझ्याकडे नाहीत. तोंडाकडचं खोलतो."

त्यानं काळ्या भागाचं झाकण फिरवून काढलं. खाली, जिथून सोडलेला श्वास बाहेर जातो, तिथं नाण्याएवढी पातळ रबरी झडप असते. श्वास सोडला की उघडते, मग मिटते, म्हणून पाणी आत येत नाही. त्यानं चिमट्यानं ती उचलली. उजेडाकडे धरली. मग पिवळा भाग खोलला. मग दोन्ही चष्मे काढले.

"वहिनी, घरात विडा कोण कोण खातं?"

"कोण खात नाही ते विचार. एबिल. तिनं ग्वामला सोडला."

त्यानं चिमटा माझ्यासमोर धरला. त्यावर सुपारीच्या सालीचे तंतू. लालभडक. एक, दोन, पाच. थोडा चुनाही, रबराला चिकटून वाळलेला. झडप मिटतच नव्हती, तर पाणी येणार नाही तर काय होणार?

"हे काही कंपनीनं घातलेलं नाही," हारुओ म्हणाला. नेहमी माझी टर उडवतो तो. आज उडवली नाही.

माझ्या गालात तेव्हाही विडा होता. तो थुंकू की गिळू ते कळेना.

गुरुवार, १३ जून. साखर बघितली नाही.

सकाळी एबिलला सांगितलं. सगळं. सूं, तोशिको, शहाळं, म्हातारीच्या हिरड्या, अर्धी बाटली. मला वाटलं आता भांडं फेकेल. ती एकदम हसायला लागली, मग रडायला लागली, मग पुन्हा हसली. म्हणाली, "सहा बायकांची थुंकी माझ्या तोंडात! आजी!"

"पुसलं होतं मी," मी म्हटलं.

मग मी धक्क्यावर गेले. माझ्या वयाची, कुळात बसायला पहिली चटई मिळणारी बाई अशी चालत जाऊन कुणासमोर उभी राहत नाही. माणसाला बोलावणं धाडते. मी गेले. रुबास आणि त्याचे पाच-सहा गाईड बोट धूत होते. सगळ्यांचे गाल फुगलेले.

मी सगळ्यांसमोर म्हटलं, "रुबास, दोष पोरीचा नाही. यंत्राचाही नाही. माझ्या तोंडाचा आहे." आणि सांगितलं.

रुबास चघळायचा थांबला. बाकीचेही थांबले. एक जण हळूच मागं जाऊन आपलं यंत्र उलटंपालटं करून बघायला लागला.

मला वाटलं, आता म्हणेल, झालं गेलं, उद्यापासून पाठवा. तो म्हणाला, "आजी, तुम्ही आलात, तुमचा मान मोठा. पण यंत्र कधी ना कधी बिघडतंच. सालीनं बिघडो नाही तर वाळूनं. बिघडल्यावर ती काय करते, तेच मला बघायचं होतं. ते मी बघितलं."

मी उभी राहिले. ऊन डोक्यावर आलं तरी उभी राहिले. उत्तर नव्हतं म्हणून उभी राहिले, पण त्याला वाटलं हट्ट करतेय.

"शनिवारी," तो शेवटी म्हणाला. "एकदाच. आणि मी तिला सोपं जाऊ देणार नाही."

घरी येऊन एबिलला सांगितलं. मला वाटलं उडी मारेल. ती म्हणाली, "तो बरोबर बोलला, आजी. मी घाबरले होते. घाबरायला तुझी सुपारी नुसतं निमित्त झाली." मग एक नख कुरतडून टाकलं. आणि म्हणाली, "मला काळं हवं. पहिल्यापासून हवं होतं. जे मला स्वतःला खोलता येईल, आत काय आहे ते बघता येईल, तेच मी तोंडात धरीन."

तोशिकोच्या घराचा रंग त्या चकचकीत यंत्रात गेलाय. तोशिकोला काय सांगू? धक्क्यावरचे लोक काय म्हणतील? मी हे मनात म्हटलं फक्त.

शुक्रवार, १४ जून. साखर १६७.

पहाटे उठून अळूच्या पानांचं नारळाच्या दुधातलं सार केलं, मासा भाजला, डबा भरून रोडेलच्या दुकानात गेले. तो मला बघून काउंटरमागं एक पाऊल सरकला, बिचारा.

मी म्हटलं, "डोळे तुझे नाही, माझे गळके. खा."

त्यानं झाकण उघडून वास घेतला. मी यंत्र पुढं करून काळं मागितलं, तो मालकाला विचारून आला. वापरलेलं म्हणून चकचकीत कमी भावात ठेवून घेतलं, बदल्यात काळं दिलं. वर काही मिळालं नाही. मी मागितलंही नाही.

तोशिकोकडे वाटेतच गेले, नाही तर धीर सुटला असता. तिनं काळं यंत्र उलटसुलट बघितलं. "हे तर अगदीच साधं गं, ताई."

"साधंच आहे."

"आणि माझा रंग?"

"गेला."

तिनं तोंड फुगवलं. मग म्हणाली, "भिंती काय, आहेत तशा उभ्या आहेत." पण मला चहा विचारला नाही.

एबिल दिवसभर हारुओकडे. मी दारात बसून बघितलं. त्यानं काळं सगळं सुटं केलं, बशीभर तुकडे झाले, आणि म्हणाला, "आता जोड." तिनं चार वेळा जोडलं. दुपारी तो तिला धक्क्याच्या उथळ पाण्यात घेऊन बसला. झडपेखाली त्यानं मुद्दाम दोरा अडकवला होता! पाणी आत येऊ द्यायचं आणि तरी श्वास घ्यायचा. जीभ टाळूला लावायची, बारीक बारीक घोट ओढायचे, जसं गरम सार फुंकत पितो. पहिल्यांदा ती ठसकत उठली. दुसऱ्यांदा उठली. तिसऱ्यांदा हारुओनं खांद्यावर हात ठेवला नाही, घड्याळाकडे बघत बसला. माझाच श्वास कोंडला. पाण्याखाली तिचे केस हलत होते आणि बुडबुडे येत होते, थांबत होते, येत होते. दहा मिनिटं झाली तेव्हा हारुओ म्हणाला, "वहिनी, तुम्ही श्वास घ्या आता."

पिशवी दारामागंच आहे. रात्री जेवताना मी तिच्याकडे पाठ करून बसले.

शनिवार, १५ जून. साखर सकाळी बघायचं सुचलंच नाही.

आठ वाजता बोट सुटली. मला बोटीवर घेतलं नाही. बरोबरच आहे. मी धक्क्यावर बसले. मग उठले. मग इंधनाच्या पंपापर्यंत गेले, परत आले. पंपावरच्या माणसानं विचारलं, "आजी, काही हरवलंय का?" म्हटलं, अजून नाही. सुपारी पिशवीत होती, खाल्ली नाही. तोंड कोरडं पडून जीभ टाळूला चिकटली तरी नाही. बारा वाजले. एक बोट आली, दुसरीच. दीड वाजले. मनात म्हटलं, देवा, नोकरी नको, वर येऊ दे फक्त. मग वाटलं, नोकरीही दे, माझं तोंड असंच उघडं आहे तोवर मागून घेते.

दोन वाजता रुबासची बोट लागली. गिऱ्हाइकं उतरली, हसत होती. गाईड उतरले. एबिल शेवटी. चेहऱ्यावर पाण्यातल्या चष्म्याचा वळ, आणि काही म्हणजे काही दिसेना. यंत्र माझ्या हातात दिलं, म्हणाली, "आजी, हे जरा धुवून ठेव," आणि पुन्हा बोटीवर बाटल्या उचलायला गेली.

मी एका गाईड पोराला विचारलं, "काय झालं रे?"

तो म्हणाला, "रुबासनं खाली तिच्या तोंडातून यंत्र ओढून काढलं, आजी. दोनदा. दुसऱ्यांदा पाणी भरून परत दिलं."

"मग?"

"मग काय. तिनं घेतलं. गिऱ्हाइकांना हातानं खूण केली, थांबा. आणि पुढं निघाली."

एवढं बोलून तो गेला. पोरांना सांगण्याची काही रीत नाही. मी रुबासकडे बघितलं, तो दोर गुंडाळत होता. माझ्याकडे बघेना. आता याचा अर्थ काय घ्यायचा? मला वाटलं, नाही म्हणायला जीभ उचलत नाही त्याची.

धक्क्यावर गोड्या पाण्याची दोन पिंपं आहेत. एक अलीकडं, एक रुबासच्या कंपनीच्या दाराजवळ. मी अलीकडच्या पिंपाशी वाकले आणि यंत्र पाण्यात सोडणार, तेवढ्यात मागून रुबास ओरडला.

"तिथं नको, आजी! ते गिऱ्हाइकांचं. आमच्या माणसांचं सामान या दुसऱ्यात टाकतात."

मी म्हटलं, "हो, हो." दुसऱ्या पिंपाशी गेले. आत पाच-सहा यंत्रं एकमेकांत नळ्या अडकवून बुडालेली होती, सगळी काळी, सगळी साधी, घासलेली. त्यांच्यात आमचं सोडलं. मग मला उमगलं, तो "आमच्या माणसांचं" म्हणाला. पिंपाची कड धरून मी राखणीलाच बसले. गाईड पोरं येऊन आपापली यंत्रं काढायची म्हणून हात घालत होती, आणि मी प्रत्येकाला म्हणत होते, "नीट बघून घे रे. त्यातलं एक आमचं आहे."